व्हेनिसचा डोजचा राजवाडा कसा पाहावा: आधी बाहेरून, मग आतून

डोजचा राजवाडा, म्हणजे पलात्सो दुकाले, पाहताना सगळ्यात जास्त होणारी चूक एकच: तिकीट हातात पडलं की थेट आत शिरायचं. ही इमारत मध्ययुगीन गॉथिक शैलीसाठी ओळखली जाते, आणि ते गॉथिक जवळजवळ सगळं बाहेर आहे. आतली मोठी दालनं १५७४ आणि १५७७ च्या आगींनंतर नव्याने सजवली गेली. त्यामुळे आत गेल्यावर दिसतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरचा सोनेरी थाट. चौदाव्या-पंधराव्या शतकातलं बांधकाम पाहायचं तर फरसबंदीवर उभं राहून मान वर करावी लागते. बाहेर पाऊण तास आणि आत अडीच तास एवढा वेळ हाताशी ठेवा. दीडच तास असेल तर आतलं एखादं दालन सोडा, बाहेरचे खांब सोडू नका.

पाहण्यापुरता इतिहास

'राजवाडा' या शब्दाने थोडी फसगत होते. डोज हा राजा नव्हता. व्हेनिस हे प्रजासत्ताक होतं आणि डोज हा सरदार घराण्यांनी तहहयात निवडलेला प्रमुख. त्याच्या मुलाला गादी मिळत नसे, आणि निवडून येताना त्याला हातपाय बांधणाऱ्या अटींच्या करारावर शपथ घ्यावी लागे. त्याचं घर या इमारतीच्या एका बाजूच्या काही खोल्यांत होतं. बाकी सगळी जागा सरकारची: विधिमंडळ, सचिवालय, न्यायालयं, शस्त्रागार आणि तुरुंग. हे ध्यानात असलं की आतल्या खोल्यांचा क्रम आपोआप कळतो. एखादी फाइल जशी या खात्यातून त्या खात्यात जाते, तशाच त्या खोल्या एकापुढे एक लागतात.

सत्ताकेंद्र नवव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलं. तेव्हा इथे बुरुज आणि तटबंदी असलेला किल्लाच होता. ९७६ मध्ये चौथा प्येत्रो कांदियानो या डोजविरुद्ध बंड झालं आणि त्यात हा किल्ला जळाला. बाराव्या शतकात सेबास्तियानो झियानी याने पुन्हा बांधकाम केलं. आज दिसणाऱ्या इमारतीचं कारण मात्र राजकीय आहे. १२९७ मध्ये महासभेचं, म्हणजे सरदारांच्या मोठ्या सभेचं, सदस्यत्व ठराविक घराण्यांपुरतं कायम झालं आणि त्यानंतर सभासदांची संख्या इतकी वाढली की जुन्या सभागृहात माणसं मावेनात. म्हणून १३४० मध्ये पाण्याकडची, म्हणजे दक्षिणेची बाजू नव्याने बांधायला घेतली. महासभेची पहिली बैठक नव्या दालनात भरायला १४१९ उजाडलं. १४२४ पासून, फ्रांचेस्को फोस्कारी डोज असताना, तीच रचना पियाझेत्ताच्या, म्हणजे पश्चिमेच्या छोट्या चौकाच्या, बाजूने उत्तरेकडे वाढवली. दोन टप्प्यांत ऐंशी वर्षांचं अंतर असूनही नव्या बाजूने जुनीचीच नक्कल केली. मध्ययुगातल्या बांधकामात असा संयम क्वचित दिसतो. त्याचा सांधा कुठे आहे ते पुढे येईलच.

१४८३ मध्ये आगीत पूर्वेची बाजू गेली, ती आंतोनियो रित्सो याने रेनेसान्स शैलीत उभारली. पैशांच्या अफरातफरीचा आरोप आल्यावर १४९८ मध्ये तो शहर सोडून पळाला. मे १५७४ च्या आगीत सिनेट आणि मंत्रिमंडळाची दालनं गेली, २० डिसेंबर १५७७ च्या आगीत महासभेचं दालन. त्या वेळी अंद्रेआ पाल्लादिओसारख्या नामवंत वास्तुकाराने इमारत नव्या, अभिजात शैलीत बांधावी असं मत दिलं होतं. प्रजासत्ताकाने ते मानलं नाही. आंतोनियो दा पोंते याच्याकडे काम देऊन जुन्या भिंती वाचवल्या. रिआल्तोचा दगडी पूलही पुढे यानेच बांधला. आज आपण गॉथिक दर्शनी बाजू पाहतो ती त्या एका निर्णयामुळे.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दबावाखाली महासभेने स्वतःचंच विसर्जन केलं. लुदोविको मानिन हा शेवटचा डोज.

बाहेर: पाण्याच्या बाजूपासून सुरुवात

पोंते देल्ला पाल्या या पुलाच्या कोपऱ्यावर उभे राहा. सूर्य वर येण्याआधी, साडेआठच्या आत पोहोचलात तर निवांत पाहता येतं. नंतर याच पुलावर उसाश्यांच्या पुलाचे, म्हणजे राजवाडा आणि तुरुंग जोडणाऱ्या पुलाचे, फोटो काढणाऱ्यांची रेटारेटी होते.

पहिली गोष्ट पाहायची ती वजनाची उलटी मांडणी. खाली खांबांच्या मोकळ्या कमानी, त्यावर आणखी नाजूक लॉजिया, म्हणजे खुली कमानदार ओसरी, आणि सगळ्यात वर जड, जवळजवळ सलग भिंत. आपल्या डोळ्याला सवय असते ती खाली जाड आणि वर हलकं अशी. इथे उलट करता आलं, कारण शहराभोवतीचं खारं पाणी हाच तट होता, तळमजला बंदिस्त ठेवायची गरज नव्हती. महासभेचं दालन वरच्या मजल्यावर हवं होतं, म्हणून भिंतही वर गेली. तळच्या प्रत्येक कमानीवर लॉजियाच्या दोन कमानी येतात: एक खांब बरोबर खालच्या खांबावर, दुसरा कमानीच्या मध्यावर. लॉजियाच्या कमानींच्या वर चार पाकळ्यांच्या दगडी चकत्या आहेत. त्या नुसत्या नक्षीच्या नाहीत, वरचा भार त्याच खांबांकडे वाटून देतात. व्हेनिसमधल्या पुष्कळ सरदारवाड्यांनी पुढे याच चकत्या उचलल्या. कमानीचं टोक उलटं वळून वर निमुळतं होतं, आपल्याकडच्या महिरपीच्या शेंड्यासारखं. छताच्या कडेला ज्या पांढऱ्या चऱ्या दिसतात त्या शोभेच्याच, त्यांच्याआडून कोणी बाण मारणार नव्हतं.

भिंतीवरची गुलाबी-पांढरी चौकड्यांची नक्षी वेरोनाच्या तांबूस संगमरवराची आणि इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाची. हा इस्त्रियाचा दगड घट्ट, पाणी कमी पिणारा. खाऱ्या हवेत इतर दगड भुसभुशीत होतात तिथे तो टिकतो, म्हणून शहरभर पायथ्याला आणि चौकटींना तोच दिसेल. तळचे खांब आखूड, जमिनीत रुतल्यासारखे वाटतात. शतकांगणिक फरसबंदी उंचावत गेली त्याचा हा परिणाम.

आता थोडं मागे सरका आणि वरच्या खिडक्या मोजा. मधला सज्जा सोडून सहा मोठ्या खिडक्या आहेत. उजवीकडच्या, म्हणजे पुलाकडच्या दोन बाकीच्या चारांपेक्षा खाली आहेत. ही चूक नव्हे. आतल्या खोल्यांना जिथे उजेड हवा होता तिथे खिडक्या काढल्या आणि बाहेरची रांग मोडली तरी चालवून घेतलं. या दोन खिडक्यांत गॉथिक जाळीकामही शाबूत आहे, बाकीच्यांतलं गेलं. मधला मोठा सज्जा १४०४ चा, दाल्ले मासेन्ये बंधूंचा.

खांबांची गणती

तळाच्या मुख्य रांगेत ३६ खांब धरतात. पहिला पुलाच्या कोपऱ्यावरचा, अठरावा पियाझेत्ताच्या कोपऱ्यावरचा, छत्तिसावा उत्तर टोकाचा, पोर्ता देल्ला कार्ता या दरवाज्याजवळचा. तिन्ही कोपऱ्यांवर माणसाएवढी शिल्पं आहेत: पुलाकडे दारू पिऊन झिंगलेला नोहा, मधल्या कोपऱ्यात आदम आणि ईव्ह, उत्तर टोकाला सॉलोमनचा न्याय. त्यांच्या डोक्यावर अनुक्रमे राफाएल, मायकेल आणि गॅब्रिएल हे देवदूत. चुकलेला माणूस, पडलेला माणूस आणि शेवटी न्याय. शेवटचा कोपरा दरवाज्याशी आहे, न्याय मागायला येणारा माणूस जिथून आत जाई तिथेच.

प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पानांच्या गुंफणीत आठ लहान आकृती कोरलेल्या असतात. सगळे ३६ वाचत बसायला दोन तास लागतील. त्यापेक्षा आदम-ईव्हच्या कोपऱ्यावरचा खांब पहिला धरून पियाझेत्ताच्या बाजूने उत्तरेकडे मोजत चला आणि एवढे पाहा:

पहिल्यावर ग्रह आणि राशी. तिसऱ्यावर तोंडात भक्ष्य धरलेली प्राण्यांची डोकी, सिंह, लांडगा, अस्वल, मांजर वगैरे. चौथ्यावर कारागीर: पाथरवट, सोनार, चांभार, सुतार, लोहार, आणि त्यांच्यातच एक लेखनिक. सातव्यावर थांबाच. हा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आहे, कारण वरच्या महासभेच्या दालनाची आडवी भिंत याच्यावर येते. १३४० च्या बांधकामाची हद्द इथेच संपते आणि पुढचं १४२४ नंतरचं सुरू होतं, म्हणजे तो सांधा हाच. त्याच्या माथ्यावर एका जोडप्याची गोष्ट आहे: पहिली भेट, प्रेम, लग्न, मूल, आणि शेवटी त्या मुलाचा मृत्यू. आठ बाजूंची ती गोष्ट खांबाभोवती एक फेरी मारल्याशिवाय पुरी होत नाही. आठव्यावर वर्षाचे महिने, दहाव्यावर फळांच्या टोपल्या.

बाहेर दिसणाऱ्या शीर्षांपैकी बरीच एकोणिसाव्या शतकातल्या नकला आहेत. १८७६ ते १८८७ च्या दुरुस्तीत दगड तडकल्यामुळे मूळ काढून आत ठेवली. ती तळमजल्यावरच्या म्युझेओ देल्लोपेरा या संग्रहात डोळ्यांच्या उंचीवर पाहायला मिळतात. म्हणून बाहेर गोष्ट समजून घ्या आणि आत हातोडी-छिन्नीचं काम पाहा.

वर लॉजियाकडे नजर टाकली तर पांढऱ्या खांबांत दोन तांबूस खांब वेगळे उठून दिसतात. मृत्युदंड त्यांच्यामधून जाहीर करत असत, अशी परंपरागत समजूत आहे.

उत्तर टोकाचा पोर्ता देल्ला कार्ता हा दरवाजा १४३८ ते १४४२ मधला, जोव्हान्नी आणि बार्तोलोमेओ बोन या पितापुत्रांचा. गॉथिक शैलीचा हा व्हेनिसमधला सगळ्यात फुललेला नमुना. दारावर पंखवाल्या सिंहापुढे, म्हणजे संत मार्कच्या प्रतीकापुढे, गुडघे टेकलेला डोज फोस्कारी आहे. मूळ शिल्प १७९७ मध्ये फोडलं गेलं, आजचं १८८५ चं आहे.

मराठी माणसाने हे शिल्प जरा जास्त वेळ पाहावं. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज हेच चित्र व्हेनिसच्या सोन्याच्या दुकातवर असे. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं १२८४ मध्ये ठरलं आणि प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याच रूपात पडत राहिलं. अरबी समुद्राच्या व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर आलं. त्यावरच्या उभ्या-बसल्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला 'पुतळी' म्हणू लागले, आणि पुढे सोनारांनी त्याच्या नकला पाडून माळा ओवल्या. आजीच्या पेटीतल्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ ते हे. पियाझेत्ताच्या पलीकडे, पाण्याला लागून असलेली जाड दगडांची इमारत म्हणजे सोळाव्या शतकात जाकोपो सान्सोव्हिनोने बांधलेली टांकसाळ. आज तिथे ग्रंथालय आहे.

तिकीट: कुठे अडतं आणि का

राजवाड्याचं वेगळं तिकीट मिळत नाही. सेंट मार्क चौकातल्या संग्रहालयांचं एकत्र तिकीट असतं. त्यात राजवाडा, कोर्रेर संग्रहालय, पुरातत्त्व संग्रहालय आणि मार्चाना ग्रंथालयाची ऐतिहासिक दालनं येतात. शेजारचं सेंट मार्क बॅसिलिका आणि उंच घंटाघर त्यात येत नाही, त्यांची व्यवस्थापनं वेगळी. दारात उभं राहून हुज्जत घालणारे पुष्कळ लोक दिसतात ते याच गैरसमजामुळे.

पूर्ण तिकीट ३० दिवस आधी ऑनलाइन घेतलं तर काही युरो वाचतात. दर बदलत राहतात, तेव्हा महापालिकेच्या संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या विक्रेत्यांकडे तेच तिकीट 'रांग टाळा' म्हणून चढ्या दरात असतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे पडत नाहीत. शाळकरी मुलं, २५ पर्यंतचे विद्यार्थी आणि ६५ च्या पुढचे यांना सवलत असते. वय दाखवणारा पुरावा जवळ ठेवा.

ऑनलाइन तिकिटावर वेळ निवडावी लागते. सकाळी ९ ची पहिली वेळ घ्या. ती नसेल तर दुपारी साडेतीननंतरची, मात्र शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी असतो आणि हिवाळ्यात राजवाडा सहाला बंद होतो, उन्हाळ्यात सातला. अकरा ते दोन या वेळात क्रूझ आणि बसचे गट येतात, तेव्हा उसाश्यांच्या पुलाच्या अरुंद वाटेत माणसं अडकून पडतात.

प्रवेश पाण्याच्या बाजूच्या पोर्ता देल फ्रुमेंतोने. नकाशावरची खूण बघून लोक पोर्ता देल्ला कार्ताशी रांग लावतात, तिथून बाहेर पडायचं असतं.

'गुप्त वाटा', इटालियनमध्ये इतिनेरारी सेग्रेती, ही मार्गदर्शकासोबतची सव्वा तासाची फेरी वेगळी घ्यावी लागते. लहान गट असतो, इटालियन, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. सचिवालयाच्या लाकडी खोल्या, चौकशीची खोली, छपराखालचे तुरुंग आणि माळ्यावरची लाकडी कैचीरचना तिच्यात दिसते. सहा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर स्त्रियांना, हृदयरोग्यांना आणि बंद जागेची भीती असलेल्यांना ही फेरी चालत नाही: जिने उभे आणि वाटा अरुंद आहेत. या तिकिटात मुख्य राजवाडाही येतो. बांधकामात रस असेल तर हीच घ्या, तिकिटातल्या फरकाचं चीज होतं. आठवडा-दोन आठवडे आधी जागा भरतात, म्हणून विमानाचं आरक्षण झालं की लगेच हे करा.

आत: कुठे रेंगाळायचं

मोठी पाठपिशवी मोफत सामानघरात ठेवावी लागते, प्रवासी बॅगा मात्र घेत नाहीत. त्या स्टेशनजवळच्या सामानघरात ठेवून या. फोटो काढता येतात, पण फ्लॅश आणि तिपाई चालत नाही. लहान दुर्बीण आवर्जून आणा, चित्रं दहा-बारा मीटर उंच छतावर आहेत. ती नसेल तर हातआरसा कमरेपाशी धरून छत पाहा, मान आखडत नाही.

प्रवेश झाल्याबरोबर म्युझेओ देल्लोपेरा लागतं. गर्दी जिन्याकडे धावत असते. तुम्ही इथे वीस मिनिटं द्या.

मग अंगण. इथे दोन काशाच्या विहिरी-कठड्यांवर सोळाव्या शतकातलं ओतकाम आहे. समोर राक्षसांचा जिना, स्काला देइ जिगांती. माथ्यावर सान्सोव्हिनोने घडवलेले मंगळ आणि नेपच्यून हे रोमन देव, म्हणजे जमीन आणि समुद्र. नव्या डोजला या जिन्याच्या माथ्यावर मुकुट चढवत. त्यावर चढू देत नाहीत, पर्यटक दुसऱ्या जिन्याने लॉजियावर जातात. इथे चालताना भिंतीत चिठ्ठ्या टाकायची सिंहमुखं शोधा, त्यांच्या आतल्या बाजूला कुलूपबंद पेट्या असत. कोणी कर चुकवतो, कोणी कट करतो, अशा तक्रारी तिथे पडत. निनावी चिठ्ठी सरसकट ग्राह्य धरत नसत. तिच्यावर काही करायचं तर वरिष्ठ मंडळाच्या मोठ्या बहुमताची अट होती. काही ठिकाणी सिंहाचा चेहरा छिन्नीने उडवलेला आणि फक्त फट उरलेली दिसेल.

मग सोन्याचा जिना, १५५५ ते १५५९ मधला, अलेस्सांद्रो व्हित्तोरियाच्या गिलाव्याच्या नक्षीचा. तिथून डोजच्या खासगी खोल्या. डोजला फर्निचर स्वतःचं आणावं लागे, म्हणून या खोल्या आज रिकाम्या दिसतात. इथे दहा मिनिटं पुरतात. नकाशांच्या दालनात मात्र थांबा. मोठे पृथ्वीगोल आणि व्हेनिसच्या प्रवाशांनी पाहिलेल्या देशांचे नकाशे आहेत, १७६२ मध्ये नव्याने रंगवलेले.

वरच्या मजल्यावर सरकारी दालनांची रांग. सुरुवातीला चार दारांची खोली लागते. तिथून पुढे कोलेज्यो, म्हणजे मंत्रिमंडळ, मग सिनेट, मग दहांचं मंडळ. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर इथे फक्त कोलेज्यो आणि त्याच्या आधीची, परदेशी राजदूत ताटकळत ती प्रतीक्षाखोली नीट पाहा. प्रतीक्षाखोलीत सोळाव्या शतकातल्या दोन चित्रकारांची कामं आहेत, व्हेरोनेझेचं युरोपा या राजकन्येचं अपहरण आणि तिंतोरेत्तोची चार पौराणिक चित्रं, कोलेज्योच्या छतावर व्हेरोनेझे. तो सोनेरी लाकडी चौकटीत चित्रं बसवतो ती वर बघत चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या कोनातून, म्हणून दाराशी उभं राहून पाहिलं की ती सरळ होतात. दहांचं मंडळ १३१० मध्ये एका फसलेल्या कटानंतर तात्पुरतं नेमलं गेलं आणि मग कायमचं झालं. नाव दहांचं असलं तरी डोज आणि त्याचे सहा सल्लागार धरून बसत ते सतरा. या मंडळाच्या दालनाच्या छताच्या मधलं व्हेरोनेझेचं मूळ चित्र १७९७ मध्ये पॅरिसला नेलं गेलं, ते आजही लूव्हरमध्ये आहे. इथे आहे ती नक्कल.

शस्त्रागारात मुलांना आवडेल असं खूप आहे, पण पाय दुखायला इथेच लागतात. पंधरा मिनिटांवर जाऊ नका, अजून सगळ्यात मोठी जागा यायची आहे.

महासभेचं दालन ५३ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, मधे एकही खांब नाही. छत खाली टेकलेलं नाही, वरच्या लाकडी कैच्यांना टांगलेलं आहे. जहाजबांधणीत मुरलेल्या शहराला हे साधलं यात नवल नाही. हजाराहून अधिक सरदार इथे बसत. पूर्वेच्या भिंतीवर तिंतोरेत्तोचं 'स्वर्ग', वीस मीटरपेक्षा रुंद. काम आधी व्हेरोनेझे आणि बास्सानो यांच्याकडे गेलं होतं. १५८८ मध्ये व्हेरोनेझे वारला आणि ते वयस्क तिंतोरेत्तोकडे आलं. कापडाचे तुकडे बाहेर रंगवून इथे जोडले. त्याच्या मुलाचा, दोमेनिकोचा हात त्यात मोठा आहे. या कापडामागे गुआरिएंतो या चौदाव्या शतकातल्या चित्रकाराचं भित्तिचित्र होतं. १५७७ च्या आगीत करपलेले त्याचे तुकडे काढून राजवाड्यात जपले आहेत. ते दिसले तर पाहा, मूळ गॉथिक दालनाच्या रंगरूपाची तेवढीच खूण उरली आहे.

छताखालच्या पट्टीत ७६ डोजांची चित्रं आहेत. एका जागी चेहऱ्याऐवजी काळा पडदा रंगवलेला आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की गुन्ह्यांबद्दल शिरच्छेद झालेल्या मारिनो फालिएरोची ही जागा. स्वतःला राजा करण्याचा कट रचल्याबद्दल १७ एप्रिल १३५५ रोजी, निवडून आल्यानंतर वर्षभरात, त्याचं डोकं याच राजवाड्याच्या जिन्यावर उडवलं. राजवाड्याच्या गॉथिक बांधकामाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो फिलिप्पो कालेंदारियोही त्याच कटात फासावर गेला.

डोजची निवड याच सभेतून होई. १२६८ पासूनची पद्धत समजून घेतली की या शहराचा संशयी स्वभाव कळतो. तीस जणांची नावं चिठ्ठीने काढायची, त्यातून पुन्हा चिठ्ठीने नऊ. ते नऊ चाळीस जण निवडत, त्यातून चिठ्ठीने बारा. ते बारा पंचवीस निवडत, त्यातून चिठ्ठीने नऊ. ते पंचेचाळीस निवडत, त्यातून चिठ्ठीने अकरा. हे अकरा एकेचाळीस जण निवडत, आणि ते एकेचाळीस डोज. पंचवीस मतं मिळाली की झाला. चिठ्ठ्या म्हणजे खरं तर चेंडू, ते काढायला लहान मुलगा असे. कुठल्याही एका घराण्याला आधीपासून मतं जुळवून ठेवता येऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुरुंग आणि उसाश्यांचा पूल

महासभेनंतर वाट तुरुंगाकडे वळते. पूल सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आंतोनियो कोंतिन याचा, म्हणजे गॉथिक नाही. आत एकमेकांना पाठ लावून दोन बोळ आहेत, जाण्याचा एक आणि येण्याचा एक. दगडी जाळीतून पाणी आणि पलीकडचं सान जॉर्जोचं बेट दिसतं. फोटोसाठी थांबाल तर मागची रांग थांबते, म्हणून परतीच्या बोळात काढा, तिथे बहुतेक वेळा मोकळं असतं.

व्हेनिसचा साहसी लेखक कासानोव्हा याची कोठडी इथे शोधू नका. तो होता राजवाड्याच्याच शिशाच्या पत्र्यांखालच्या प्योंबीत, जिथे उन्हाळ्यात भाजून निघायचं आणि थंडीत गारठायचं. ३१ ऑक्टोबर १७५६ च्या रात्री तो छपरावरून निसटला. ती जागा फक्त गुप्त वाटांच्या फेरीत दिसते. तळच्या ओल्या कोठड्यांना पोत्सी, म्हणजे विहिरी म्हणत.

चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मुख्य दालनांपर्यंत उद्वाहक आहे, तुरुंगाचा भाग मात्र जमत नाही. दाराशी आधीच सांगा म्हणजे वाट बदलून देतात.

जाण्यायेण्याचं

सान्ता लुचिया स्टेशनवरून चालत पस्तीस-चाळीस मिनिटं. बोटीने यायचं तर १ क्रमांकाच्या वापोरेत्तोने या आणि सान झक्कारियाला उतरा. वेळ जास्त लागतो पण स्टेशनकडून येताना डावीकडे का'दोरो आणि पुढे वळणावर उजवीकडे का'फोस्कारी हे दोन्ही पंधराव्या शतकातले गॉथिक वाडे दिसतात. राजवाड्याच्या चार पाकळ्या तिथे कशा उतरल्या ते ओळखता येईल. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरोच्या आसपास, ७५ मिनिटं चालतं. दिवसात तीन किंवा जास्त फेऱ्या होणार असतील तर दिवसाचा पास घ्या. चढण्याआधी यंत्रावर तिकीट टेकवायला विसरू नका, तपासनीस दंड करतात.

शहरात मुक्काम न करता नुसत्या दिवसापुरतं येणार असाल तर वसंत-उन्हाळ्यातल्या ठराविक तारखांना प्रवेश शुल्क असतं. आधी भरलं तर पाच युरो, शेवटच्या दिवसांत भरलं तर दुप्पट. हॉटेलात राहणाऱ्यांना माफी, पण नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत भरतीचं पाणी चढतं. हा चौक शहरातल्या सखल भागात आहे, ८०-९० सेंटिमीटरच्या भरतीला पाणी यायला लागतं. समुद्राच्या तोंडावरची मोसे ही झडपांची भिंत २०२० पासून मोठ्या भरतीला उचलतात, पण लहान भरतीला उचलत नाहीत. आदल्या संध्याकाळी महापालिकेचा भरतीचा अंदाज पाहा आणि बूट त्याप्रमाणे घाला. चौकात खाली बसून डबा खायला बंदी आहे आणि कबुतरांना दाणे टाकायलाही. डबा सोबत असेल तर मागच्या बाजूला पूर्वेकडे चालत जाऊन बागांमध्ये बसून खा.

पाय शिल्लक असतील तर सान झक्कारियावरून २ क्रमांकाची बोट पकडून समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर जा आणि तिथल्या घंटाघरावर उद्वाहकाने चढा. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं आणि पियाझेत्ताची बाजू उजळते. पाण्याची बाजू तिथून एका नजरेत मावते, उजवीकडच्या त्या दोन खाली सरकलेल्या खिडक्यांसकट. दुर्बीण पुन्हा कामाला येईल.